अडवला की काढ

पोदलिप्यात माणूस गेला की घरच्यांनी आधी इमामाकडे नाहीतर पाद्र्याकडे जायला हवं. जात नाहीत. आधी नियाझ तुफोकडे येतात. दारातच उभं राहून विचारतात, "आमच्या बाबांचा एखादा बरा फोटो असेल ना रे तुझ्याकडे?" आणि असतो. या गावातल्या प्रत्येक पुरुषानं कधी ना कधी स्लोगा क्लबच्या मैदानावर चेंडूला लाथ घातलेली आहे, आणि स्वतःच्या लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेला माणूससुद्धा नियाझच्या फोटोत डोळे टक्क उघडे ठेवून असतो. मग चौकातल्या लिंडनच्या झाडावर निधनाचं पत्रक लागतं, मुसलमानाचं हिरव्या काठाचं, ख्रिस्ती असला तर काळ्या, आणि त्यावर सत्तरी उलटलेला अमुक-तमुक हवेत उडी मारून चेंडूला डोकं लावत असतो. बाहेरगावचे लोक बघून हसतात. हसू देत. त्यांच्याकडे मेलेली माणसं पासपोर्टचं तोंड करून झाडावर लटकतात, ते काय फार शोभून दिसतं?

नियाझची पन्नाशी उलटून चार-दोन वर्षं झाली असतील, पण पाठीमागून बघाल तर म्हाताराच म्हणाल. सकाळी उठतो तोच दमलेला. लढाईनंतर सलग झोप काय असते ते त्याला कळलंच नाही. डोळा लागतो, उघडतो, पुन्हा लागतो, आणि मधल्या वेळात सिगारेट. डावा गुडघा थंडीत आखडतो. तरी रविवारी दुपारी दोन कॅमेरे गळ्यात अडकवून, बिअरचा रिकामा क्रेट पालथा घालून तो बसायचा स्लोगाच्या गोलमागे. आता, शहाणा फोटोग्राफर समोरच्या संघाच्या गोलमागे बसतो. आपली पोरं गोल मारणार ती तिकडे ना! पण नियाझ स्लोगाच्याच.

"अरे, गोल तिकडे होणार! इथं काय अंडी उबवतोस?" असं स्टँडमधून कुणीतरी ओरडायचंच.

"तिकडं ऊन येतं डोळ्यांवर."

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलायचे, आणि हा क्रेट उचलून, मैदानाला वळसा घालून, लंगडत लंगडत पलीकडे जाऊन त्याच उन्हात बसायचा, पुन्हा स्लोगाच्याच गोलमागे. तेव्हा ते ऊन कुठं जातं, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. लढाईतून आलेल्या माणसांची असली तऱ्हा पोदलिप्यात घरटी एक आहे. कुणी कुणाला विचारत बसायचं?

दुसरी तऱ्हा मात्र पोटावर पाय आणणारी होती. खेळाडू पडला की नियाझ कॅमेरा खाली घ्यायचा. कुणी पाडो, पाय मोडो, नाहीतर नाटक करत लोळो, हा तो उठेपर्यंत गवताकडे बघत बसायचा. उठला की पुन्हा कॅमेरा डोळ्याला. झेनित्साच्या ज्या पेपरला तो फोटो पाठवायचा, तिथल्या क्रीडा-पानाचा व्लादो यानं फार पिसाळायचा.

"नियाझ, अख्खं गाव म्हणतंय पेनल्टी होती, रेफरी म्हणतो नव्हती. फोटो कुठाय?" व्लादो फोनवर ओरडायचा.

"तो पडला होता रे."

"पडला होता म्हणूनच पेनल्टी ना, बाबा! उभ्या माणसाला कोण पेनल्टी देतं?"

"पडलेल्यांचे माझे काढून झालेत, व्लादो."

यावर व्लादो फोन आपटायचा, शिव्या घालायचा, पण त्या रेफरीला.

काढून झालेत म्हणजे काय, ते गावाला माहीत होतं. लढाई सुरू झाली तेव्हा नियाझ विशीत होता. शाळेच्या फोटोक्लबातला एक जुना रशियन कॅमेरा त्याच्याकडेच राहिलेला. परत करायला शाळा उरली नव्हती. खंदकात जाऊन महिना झाला नसेल, तोच ब्रिगेडच्या कचेरीतून विचारणा आली, फोटो काढता येतात म्हणे तुला? नियाझला वाटलं, चला, चार दिवस सुटलो. कसलं सुटणं! काम असं होतं की मारले गेलेले परत आणले, किंवा अदलाबदलीत पलीकडून मिळाले, की पुरायच्या आधी प्रत्येकाचा फोटो काढायचा. चेहरा असेल तर चेहऱ्याचा. नसेल तर कपड्यांचा, पट्ट्याचा, दातांचा. घरच्यांना ओळखता यावं म्हणून. निम्मे त्याच्या ओळखीचे, काही तर एका बाकावर बसलेले. कुणीतरी पाय धरून त्यांना सरळ करायचं आणि नियाझ वरून वाकून बटण दाबायचा. खंदकाची पाळी चुकली नाहीच, हे काम वरचं. लढाई संपेपर्यंत हेच. पदक मिळालं. ते ड्रॉवरमध्ये आहे, संपलेल्या बॅटऱ्यांबरोबर.

लढाईनंतरच्या पहिल्या वसंतात लोकांनी मैदानातले तोफगोळ्यांचे खड्डे मातीनं भरले आणि सामना लावला. नियाझ असाच बघायला गेला होता. एक धिप्पाड गडी धाडकन पडला आणि नियाझ ताडकन उठून उभा राहिला. तो गडी उठला, चड्डी झटकली आणि रेफरीच्या आईचा उद्धार करत पळत सुटला. नियाझ तेव्हा ढसाढसा रडला, असं त्याची बायको सेबिहा सांगते. तो म्हणतो, सिगारेटचा धूर गेला होता डोळ्यात. काही असो, माणूस त्या मैदानाला चिकटला तो चिकटलाच.

यंदाच्या जूनमध्ये एका दुपारी पोरांचा सराव चालला होता, आणि हस्नियामावशी मैदानावर आली. ऐंशी पार केलेली बाई, काठी टेकत, डोक्याचा रुमाल घामानं भिजलेला. सरळ गोलमागे येऊन नियाझच्या पुढ्यात उभी राहिली.

"सापडला," ती म्हणाली.

नियाझ क्रेटवरून उठला. कोण, हे विचारायची गरज नव्हती. मावशीचा एकुलता एक मुनीब, स्लोगाच्या कुमार संघाचा गोलकीपर. लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यात नदीपलीकडे मामाकडून पीठ आणायला म्हणून गेला तो परत आला नाही. तेव्हापासून मावशी वाट बघत होती. आधी त्याची, मग त्याच्या हाडांची.

"बस ना मावशी, बस आधी."

"बसायला नाही आले. रक्त घेऊन ठेवलं होतं ना माझं, ते जुळलं म्हणे. सगळा नाही मिळालेला. आहे तेवढा पुढच्या महिन्यात पुरायचा, बाकीच्यांबरोबर." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "पत्रक लावायचंय झाडावर. फोटो दे."

"माझ्याकडं मुनीबचा नाही गं."

"गावातल्या प्रत्येक टकल्याचा आहे आणि माझ्या पोराचा नाही?"

"मी हे सगळं लढाईनंतर सुरू केलं, मावशी."

"आणि आधी? शाळेचा तो डबा गळ्यात अडकवून मैदानभर बोंबलत हिंडायचास, ते मी बघितलं नाही होय? मुनीब गोलात, नि तू त्याच्या मागं."

मावशीकडे मुनीबचा एकही फोटो नव्हता, हे खरं होतं. मावशीच्या घरावर तोफेचा गोळा पडला आणि घराबरोबर अल्बम गेले. क्लबची खोली जळाली. शाळेच्या फोटोच्या दिवशी पोरगं वर्ग चुकवून खेळायला गेलेलं. स्वीडनला असलेल्या नातेवाइकांनी एका लग्नाचा फोटो शोधून पाठवला, त्यात पाहुण्यांच्या गर्दीत कडेला मुनीबचं कोपर आलंय. नुसतं कोपर. मावशीनं तेसुद्धा चौकटीत घालून भिंतीवर लावलंय.

"फोटो नसला की छापखानेवाला वर चंद्रकोर छापतो म्हणे," ती म्हणाली. "मी काय चंद्रकोर जन्माला घातली होती? लोक झाडापाशी उभे राहून बघतील. त्यांना तोंड दिसायला नको माझ्या पोराचं?"

नियाझनं मान खाली घातली. "जळाले, मावशी. लढाईआधीचे सगळे जळाले."

 मावशी वळली आणि काठी टेकत चालू लागली. नियाझ मेल्याहून मेल्यासारखा झाला, कारण तो धादांत खोटं बोलला होता.

लढाईआधीच्या निगेटिव्ह त्याच्या घरी होत्या, कपाटावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पण त्याच डब्यात ब्रिगेडसाठी काढलेल्यांपैकी मागे राहिलेल्या पट्ट्याही होत्या. सगळं एकत्र, कसंही कोंबलेलं. दोन घरं बदलली, डबा प्रत्येक वेळी आधी हलवला, आणि एकदाही उघडला नाही. मुनीबपर्यंत पोचायचं तर वाटेत ते सगळे आडवे पडलेले. ते नियाझच्या जिवावर आलं.

घरी सेबिहा ढोबळी मिरच्यांत खिमा भरत होती. त्याचं तोंड बघूनच तिनं विचारलं, "हस्निया भेटली का? इकडं आली होती आधी. काय सांगितलंस तिला?"

"जळाले म्हणून सांगितलं."

सेबिहानं मिरची तशीच ताटात ठेवली. "काखेत कळसा नि गावाला वळसा! ती बाई स्वीडनहून कोपरं मागवतेय, आणि तुझ्या कपाटावर डबा पडलाय."

"त्यात मुनीब असेलच असं नाही."

"नसेल. बघ तरी."

"त्या डब्यात कोण कोण आहे, माहितीये ना तुला?" नियाझचा आवाज चढला.

"माहितीये. माझा भाऊ आहे." तिनं हात फडक्याला पुसले. "तरी मी म्हणतेय, उघड."

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डबा खाली काढला. झाकण गंजून बसलं होतं, सुरीनं उचकटावं लागलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून तो एकेक पट्टी उजेडाला धरू लागला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं; चेहरे काळे, केस पांढरे, तोंडाच्या जागी पांढरं भोक. समोर सेबिहा बसली होती. नियाझ एक पट्टी बघायचा, डावीकडे ठेवायचा. दुसरी, डावीकडे. कुणाचंही नाव घेतलं नाही त्यानं. एक पट्टी बघून त्यानं ती पटकन मुठीत घेतली, तेव्हा सेबिहानं हात पुढे केला. तिनं ती उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि स्वतःच डावीकडच्या ढिगावर ठेवली. मग उठून नळ सोडला, बंद केला, परत येऊन बसली.

उजवीकडे फार थोड्या पट्ट्या जमल्या. शाळेचं अंगण, सायकली, कुणाचं तरी कुत्रं. मुनीब नाही.

"नाही," नियाझ म्हणाला. त्यानं रिकामा डबा पालथा करून ठोकला. "म्हटलं होतं तुला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

सेबिहा मात्र डावीकडचा ढीग पुन्हा चाळत होती. एक पट्टी तिनं खिडकीकडे धरली. "हा कोण रे?"

"असेल कुणीतरी. चिखलात पडलेला."

"हातमोजे घालून?"

"कुणाच्या हातात असतात हातमोजे."

"एवढाले? आणि याच्या मागं हे काय आहे? चौकोन चौकोन?" तिनं पट्टी त्याच्या नाकाशी नेली. "अरे, जाळी आहे ही. गोलाची जाळी!"

नियाझनं पट्टी घेतली. रोलच्या शेवटचा तुकडा, त्यावर हे एकच चित्र. गोलच्या तोंडाशी कुशीवर आडवा पडलेला पोरगा, एक हात अंगाखाली, मागे जाळीत चेंडू. 

"याला मी मेलेल्यांत टाकला, सेबिहा. खेळणाऱ्या पोराला मेलेल्यांत टाकला मी!"

त्याच दुपारी त्यानं फोटो मोठा करून छापला. मुनीबचा चेहरा आडवा आला, गालावर चिखल, केस कपाळाला चिकटलेले. डोळे उघडे. तोंड उघडं. नियाझनं असली उघडी तोंडं इतकी बघितली होती की याच्याकडे बघून त्याला दुसरं काही सुचेना. आईला हे द्यायचं? जिनं हाडं सापडली म्हणून देवाचे आभार मानले, तिच्या हातात पोराला आडवा पडलेला, तोंड वासलेला नेऊन ठेवायचा? त्यानं फोटो ड्रॉवरमध्ये टाकला, पदकाच्या वर. आज जातो, उद्या जातो, करत आठवडा काढला. सेबिहा पहिल्यांदा बोलली, मग नुसता ड्रॉवर उघडून ठेवू लागली. ते जास्त लागायचं.

शेवटी छापखानेवालाच मैदानावर भेटला आणि सहज म्हणाला, "हस्नियानं सांगितलंय, चंद्रकोरच छाप म्हणून. उद्या मशीनवर घेतो."

नियाझ सराव अर्धा टाकून घरी गेला आणि फोटो घेऊन तसाच मावशीच्या दारात पोचला.

मावशीनं त्याला बघून नवल केलं नाही. "ये. कॉफी टाकतच होते," म्हणाली. तिचा नवरा अव्दो कल्हईवाला होता. माणूस इतका भांड्यांत बुडालेला की शिव्यासुद्धा भांड्यांच्याच द्यायचा. लढाईनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो पोराची वाट बघत गेला. त्यानं कल्हई केलेला, लांब दांड्याचा, तांब्याचा जेझ्वा तेवढा मावशीकडे उरला होता. त्यात तिनं कॉफी उकळली, फेस पेल्यांत वाटून घातला, साखरेचा खडा पुढे केला. भिंतीवर कोपर होतं.

"मावशी, मी खोटं बोललो. फोटो आहे."

मावशीच्या हातातला जेझ्वा थांबला.

"पण तो..." नियाझनं पाकीट पुढं केलं, पुन्हा मागं घेतलं. "तो पडलेला आहे गं. गोल झाला होता. चिखलात आडवा आहे. म्हणून आणत नव्हतो."

तिनं जेझ्वा खाली ठेवला, हात एप्रनला पुसले, चष्मा लावला. "आण."

नियाझनं पाकीट दिलं आणि खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर शेजारणीनं गालिचा वाळत घातला होता. तो गालिच्याकडे बघत बसला.   मग कागद सरकल्याचा आवाज आला.

"अरे वेड्या," मावशी म्हणाली. "असा धर ना."

तिनं फोटो हातात उभा फिरवला होता. आडवा पडलेला मुनीब आता सरळ समोर बघत होता, गालावर चिखल, केस विस्कटलेले, आत्ताच खेळून घरात शिरल्यासारखा.

"हे बघ, उभा आहे की. केवढा चिखल! माझ्या नव्या सतरंजीवर अस्साच यायचा, मेला!" तिनं बोटानं त्याचा गाल पुसला, दोनदा पुसला. मग फोटो डोळ्यांजवळ नेला. "हा काय म्हणतोय रे?"

"म्हणत नाहीये काही, मावशी. तोंड नुसतंच..."

"नुसतं कसं? मी आई आहे त्याची. गप्प बसलेल्याचं तोंड असं असतं का? काहीतरी म्हणतोय. आणि तुझ्याकडेच बघून म्हणतोय! काय म्हणाला?"

"एवढ्या वर्षांनी कसं आठवणार गं? मधे इतकं काय काय..."

"आठव."

नियाझनं डोळे मिटले. त्याला त्या काळाकडे जायचं म्हटलं की मधे ते सगळे पडलेले आडवे यायचे, आजही आले. त्याच्यानं पुढे जाववेना. डोळे उघडले तर समोर ताटलीत अव्दोचा जेझ्वा, दांड्याशी थोडा चेपलेला. तो जेझ्व्याकडे बघत राहिला आणि त्याचे ओठ आपोआप हलले.

"फुटक्या जेझ्व्या," तो म्हणाला.

मावशीचा हात तोंडावर गेला. "काय म्हणालास?"

"फुटक्या जेझ्व्या, असं म्हणाला तो मला."

"ती त्याच्या बापाची शिवी!" मावशी ओरडलीच. "अव्दोची! दुसरं कुणी देत नव्हतं ती. अख्ख्या पोदलिप्यात कुणी देत नव्हतं! आणि पुढं? पुढं काय म्हणाला?"

आता ते सगळं एकदम आलं, ओल्या गवताच्या वासासकट. चेंडू जाळीत गेला, नियाझनं बटण दाबलं, आणि मुनीब चिखलात पडल्या पडल्या त्याच्यावर खेकसला. मग हात टेकून उठला. तोंडातला चिखल थुंकला, चेंडू जाळीतून काढून मैदानात लाथाडला, आणि हसत हसत पुन्हा नियाझकडे बोट केलं.

"म्हणाला, फुटक्या जेझ्व्या, पडलेल्याचा काय काढतोस? अडवला की काढ!"

मावशी हसायला लागली. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि ती हसतच होती. "अडवला की काढ म्हणे! गोल खाल्लाय, चिखलात लोळतोय, नि मिजास बघ!" मग हळूहळू हसणं थांबलं. तिनं रुमालाच्या टोकानं डोळे टिपले.

"मग? काढलास?"

"नाही, मावशी."  "रोल संपला होता. तो शेवटचा होता. म्हटलं, पुढच्या सामन्याला काढू. पुढचा सामना झालाच नाही."

मावशीनं मान हलवली. पेल्यातली कॉफी निवली होती, ती तिनं तशीच पिऊन टाकली. फोटोकडे बघितलं, नियाझकडे बघितलं.

"म्हणून गोलमागं बसतोस होय रे?"

नियाझनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उन्हाचं सांगायचं होतं त्याला, गुडघ्याचं सांगायचं होतं. तसं काही बाहेर आलं नाही. आजवर तो समजत होता की पडलेल्याचा फोटो न काढायची खोड त्याला मेलेल्यांनी लावली. लावली होती एका जित्या-जागत्या पोरानं, तोंडातला चिखल थुंकत. नियाझ त्या वाक्याचा हुकूम पाळत गोलमागे बसून राहिला होता आणि कुणाचा हुकूम तेच विसरला होता. त्यानं मावशीच्या टेबलावर डोकं टेकलं आणि रडला. धूर नव्हता, काही नव्हतं. मावशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "असू दे, पोरा. असू दे. कॉफी घे, गार झाली."

पत्रक लागलं. हिरवा काठ, मध्ये मुनीब, सरळ उभा, गालावर चिखल, तोंड उघडं. इमाम जरा कुरकुरला की पत्रकावर तोंड मिटलेला फोटो बरा दिसतो. मावशी म्हणाली, "त्याचं तोंड मी अठरा वर्षांत मिटवू शकले नाही, तुम्ही कसले मिटवताय!" दफनाच्या दिवसापर्यंत ती रोज सकाळी झाडापाशी जाऊन उभी राहायची. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि हमखास विचारायचा, हा काय म्हणतोय? तेच तिला हवं होतं.

ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. पहिल्याच रविवारी नियाझ स्लोगाच्या गोलमागे क्रेट मांडतोय, तर मावशी काठी टेकत आली, बगलेत उशी घेऊन. काही न विचारता त्याच्या शेजारी गवतावर उशी टाकून बसली. स्लोगानं पहिल्या अर्ध्यात दोन गोल खाल्ले. दोन्ही वेळा आमचा गोलकीपर तोंडावर पडला, आणि दोन्ही वेळा नियाझनं कॅमेरा खाली घेतला. मावशीनं ते बघितलं. बाजू बदलल्यावर नियाझनं एका हातात क्रेट घेतला, दुसऱ्या हातानं मावशीला धरलं, आणि दोघं मैदानाला वळसा घालून उन्हात जाऊन बसले.

सामना संपत आला होता. समोरच्यांच्या एकानं लांबून सणसणीत फटका मारला. गोलकीपर डावीकडे झेपावला, अख्खा आडवा हवेत, आणि बोटांच्या टोकांनी चेंडू खांबाबाहेर ढकलला. स्टँड उठून उभं राहिलं. त्या सगळ्या आरड्याओरड्यात नियाझच्या कानाशी म्हातारीचा आवाज फुटला.

"अडवला! काढ, फुटक्या जेझ्व्या, काढ!"

आणि नियाझनं काढला.